पडणाऱ्या दाताचा हिशेब

श्रोतेहो, माझी नात सना पाच वर्षांची. गेल्या महिन्यात तिच्या दाढेला कीड लागली. मी सहज म्हणालो, "दुधाचीच दाढ, पडणारच आहे." तिची आई म्हणाली, "अब्बा, माझीही पडणारच होती ना?"

मी गप्प झालो. लेक सहा वर्षांची असताना तिची किडकी दाढ मी हट्टानं काढायला लावली होती. दात भरण्याचे पैसे वाचले. पण मागची दाढ पुढं सरकली, कायमच्या दाताला जागा उरली नाही आणि तो वाकडा उगवला. लग्नाच्या फोटोतही माझी लेक ओठ मिटूनच हसते.

या वेळी मी स्वतः दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, ही शेवटची दुधाची दाढ. दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तिला काम करायचंय." मग त्यांनी एकेक पर्याय समजावला.

आपल्या वेळी चांदी भरत. ती टिकाऊ, पण तिच्यात निम्मा पारा. म्हणून मिनामाता करारातल्या देशांनी २०२२ मध्ये ठरवलं, की डॉक्टरांना अगदी गरज वाटल्याखेरीज पंधरा वर्षांखालील मुलांना ती भरू नये. भारतही त्या करारात आहे.

ग्लास आयनोमर हे सिमेंट दाताला आपणहून चिकटतं, थोडा ओलावा सोसतं, फ्लोराइडही सोडतं. चुळबुळ्या मुलांना ते सोयीचं. पण ते झिजतं. दोन दाढांच्या फटीतल्या खड्ड्यात फार टिकत नाही. दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट त्याहून मजबूत; मात्र ते भरताना दात कोरडा हवा आणि मुलानं तोंड उघडून स्वस्थ बसायला हवं. कीड बरीच पसरली असेल, तर स्टीलची टोपी. ती सगळी दाढ झाकते आणि दाढेबरोबरच पडते. कीड नसेपर्यंत पोचली नसेल, तर काही वेळा दात न कोरता, सुई न टोचताही ती बसवता येते.

सनाची कीड दोन बाजूंना पसरली होती. टोपीच बसवली. आरशात बघून ती ओरडली, "नाना, माझा चांदीचा दात!"

पालकहो, सगळ्या मुलांना एकच मसाला चालत नाही. दात अजून किती वर्षं राहणार, कीड किती, मूल किती वेळ बसेल, हे डॉक्टरांना विचारा. पडणाऱ्या पानांवर मी पुष्कळ कविता लिहिल्या. पडणाऱ्या दाताचा हिशेब मात्र चुकलो. तुम्ही चुकू नका.