शिक्षा झाली तरी नागरिकच



मोंढ्यातल्या हमालाला किंवा जिनिंगमधल्या कामगाराला मालकाने आरोपपत्र दिले, की चौकशीला त्याच्या शेजारी युनियनचा माणूस बसतो. तो निर्दोष आहे की नाही, हे आधी ठरवून आम्ही जात नाही. परक्या देशात शिक्षा भोगणाऱ्या नागरिकासाठी सरकारकडे आमचे मागणे याहून निराळे नाही.

मोहन रानड्यांचे उदाहरण घ्या. मूळचे सांगलीचे, आझाद गोमंतक दलाचे हे सैनिक १९५५ साली जखमी होऊन पोर्तुगीजांच्या हाती सापडले. २६ वर्षांची सजा झाली आणि पुढे त्यांना पोर्तुगालच्या तुरुंगात नेले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. ज्याने त्यासाठी गोळी खाल्ली तो तुरुंगातच! पुढल्याच वर्षी आपण पकडलेले तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज युद्धकैदी मायदेशी रवाना झाले. रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. राजनैतिक संबंध तुटले होते, ही अडचण खरी. दिल्लीने काहीच केले नाही, असेही आम्ही म्हणत नाही. पण तीन हजार माणसे परत देता येतात, तर एक मागून घेता येऊ नये? शेवटी सुधीर फडक्यांसारख्या गायकाला त्यासाठी झटावे लागले, मद्रासच्या अण्णादुराईंना थेट पोपकडे शब्द टाकावा लागला.

कोणी म्हणेल, रानडे देशभक्त होते. चोरी-अफूत सापडलेल्याची कसली वकिली? आम्ही म्हणतो, त्याचीही. त्याला सोडवा असे नव्हे. त्याची विचारपूस करा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ३६ व्या कलमाने वकिलातीच्या अधिकाऱ्याला कैद्यास भेटण्याचा, त्याला वकील मिळवून देण्याचा हक्क आहे. कुलभूषण जाधवांच्या प्रकरणी पाकिस्तानने हेच कलम मोडले, असा निकाल हेगच्या न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी दिला. तिथे सरकार लढले, म्हणून तो मिळाला.

२००३ साली आपल्या संसदेने कायदाही केला. कैदी आणि दोन्ही सरकारे कबूल असतील, तर उरलेली शिक्षा मायदेशी भोगता येते. मात्र त्या देशाशी तसा करार झालेला हवा. पण हे आखातातल्या तुरुंगात पडलेल्या पोराला त्याच्या भाषेत सांगायचे कोणी? आणि जिंतूर-पाथरीकडच्या त्याच्या आईने अर्ज कुठे द्यायचा? जिल्हाधिकारी कचेरीत यासाठी एक टेबल असावे. तिथे अर्ज मराठीत लिहून घ्यावा, पावती द्यावी, आणि वकिलातीचा माणूस पोराला कोणत्या तारखेला भेटला, ते त्या माउलीला लेखी कळवावे.