आईचे बोट धरून आलेले मूल



आज आम्ही एका नाजूक गोष्टीवर बोलणार आहोत. एका बाईचा नवरा वारला, किंवा काडीमोड झाला. पदरी लहान मूल आहे. पुढे तिला कुणी भला माणूस भेटतो. दोघांचे मन जुळते. लग्न करावे असे वाटते. पण त्या मुलाचे काय?

पाटाची चाल आपल्याकडे जुनी आहे. विधवांच्या पुनर्विवाहाचा कायदा १८५६ साली झाला. त्याच्या आधीपासून पुष्कळ जातींत पाट लागत. बाईला घर मिळे. मूल मात्र पुष्कळदा मागे चुलत्यांकडे राही. आईबरोबर गेलेच, तर परके म्हणून वाढे. बाईची सोय झाली, मुलाची नाही. हे आता बदलले पाहिजे.

समजा, पोरगा पाच वर्षांचा आहे. त्याला ठाऊक एक आईच. रात्री तो तिच्याच कुशीत निजतो. अशात एक पाहुणा वरचेवर घरी येऊ लागतो. आई त्याच्याशी हसून बोलते. पोराच्या पोटात धस्स होते. आई आता आपली राहायची नाही, असे त्याला वाटते. मग तो हट्ट करतो, पाहुण्याने आणलेला खाऊ फेकून देतो. लोक म्हणतात, "पोरगं लई वांड हाय." वांड नाही हो, ते भ्यालेले आहे.

मग त्या माणसाने काय करावे? घाई करू नये. "मला बाबा म्हण," असा हुकूम सोडू नये. पोर काका म्हणाले, तरी पुष्कळ झाले. त्याला शेतावर बरोबर न्यावे, त्याचे बोलणे ऐकावे. उद्या येतो म्हटले, तर उद्या यावेच. रागे भरायचे काम आधी आईकडेच असू द्यावे. मारणे तर मुळीच नको. पोराच्या वारलेल्या बापाची तसबीर भिंतीवरून काढू नये.

आईनेही निजायच्या वेळी थोडा वेळ पोरासाठीच ठेवावा. पोर त्या माणसाला भीत असेल, तर त्याला गप्प करू नये. काय झाले ते विचारावे. गरज पडली तर १०९८ या क्रमांकावर फोन करावा. मुलांच्या मदतीसाठीच तो आहे. त्याला पैसे पडत नाहीत.

आता एक खरी गोष्ट ऐका. पुण्यात काशीबाई नावाची एक विधवा होती. तिला मूल झाले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी ते मूल १८७४ साली दत्तक घेतले. त्याचे नाव यशवंत. जोतीराव काही काशीबाईचे पती नव्हते. यशवंत त्यांच्या रक्ताचाही नव्हता. तरी त्यांनी त्याला मुलगा मानले, शिकवले. १८८७ साली मृत्युपत्र करून आपली मिळकत त्याच्या नावे ठेवली. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात मायलेकांनी रोग्यांची सेवा केली. त्यातच सावित्रीबाई वारल्या.

पाहा, जोतीरावांनी नुसती माया केली नाही, कागदही केला. आपणही कागद विसरू नये. १९५६ च्या हिंदू कायद्याप्रमाणे सावत्र बाप आपोआप मुलाचा पालक होत नाही. सावत्र मूल त्याच्या जमिनीचे आपोआप वारस होत नाही. त्यासाठी कायदेशीर दत्तक किंवा मृत्युपत्र करावे लागते. आणि आईने दुसरे लग्न केले, म्हणून मुलाचा जन्मदात्याच्या जमिनीतला हक्क जात नाही. सातबाऱ्यावर त्याचे नाव लागले आहे का, ते घोडेगावला तहसील कचेरीत विचारून घ्या.

बंधूंनो, बाईचा हात धरायचा, तर तिचे बोट धरून आलेल्या पोरालाही आपले म्हणा. तेवढी तयारी नसेल, तर आधीच तसे सांगा. पोराला आशा लावून मागे फिरू नका.