चरबीची गाठ आणि माझा बिब्बा

(सोसायटीच्या ज्येष्ठ नागरिकांच्या मासिक बैठकीत केलेले भाषण)



डॉक्टर सोडून बँकेतल्या माणसाला आरोग्यावर बोलायला उभं केलंत, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी. पण या विषयातला माझा अधिकार अंगावरचा आहे. डाव्या दंडावर लिंबाएवढी गाठ मी पंधरा वर्षं बाळगून आहे.

हिला लायपोमा म्हणतात. कातडीखाली साठलेला चरबीचा गोळा. मऊ असते, बोटानं दाबली की सरकते, सहसा दुखत नाही. वजन उतरवलं तरी ती जात नाही. मी सहा किलो कमी करून पाहिलंय; पोट गेलं, गाठ राहिली!

सुरीचं नाव काढलं की माझे हातपाय गार. म्हणून तेल चोळलं, हळद-चुन्याचा लेप लावला. शेवटी कुणीतरी सांगितलं, बिब्बा लावा. लावला. बिब्ब्यानं कातडी भाजली, फोड आले, त्यात मला साखर. जखम भरायला दीड महिना गेला, आणि गाठ जिथल्या तिथं. त्या दीड महिन्यात सौ.नं काय ऐकवलं ते माईकवर सांगण्यासारखं नाही.

मग सोलापूरला सर्जनला दाखवलं. न कापता काय होतं, ते त्यांनी नीट सांगितलं. स्टेरॉइडचं इंजेक्शन गाठीत देतात. साधारण अडीच सेंटीमीटरच्या आतली गाठ त्यानं आक्रसते, पण पूर्ण जाईलच असं नाही. वरची कातडी पातळ, फिकी पडू शकते. शिवाय मधुमेह्यांची साखर काही दिवस वाढते, म्हणजे मी बाद. दुसरं डीऑक्सिकोलिक आम्लाचं, चरबी विरघळवणारं. अमेरिकेत त्याला २०१५ साली मान्यता मिळाली ती हनुवटीखालच्या चरबीसाठी, गाठीसाठी नव्हे. नळीनं चरबी ओढून काढतात, त्याला लायपोसक्शन म्हणतात. व्रण लहान राहतो, पण गाठीचा अंश आत राहिला तर ती परत येते. आणि शेवटचा उपाय म्हणजे काहीच न करणं. त्रास नसेल तर तोही उपचारच, असं ते म्हणाले. मला तोच पटला. फुकटही होता.

पण आता जे सांगतो ते हसण्यावारी नेऊ नका. आमचे थोरले बंधू गावाकडे असत. त्यांच्या मांडीत गाठ आली. "तुझ्यासारखीच चरबी आहे रे," म्हणाले, आणि मीही हो म्हणालो. वर्षभर लेप चालले. गाठ खोल होती, घट्ट होती, वाढत होती. एमआरआय आणि तुकडा तपासल्यावर कळलं, तो चरबीचाच पण कर्करोग होता. उशीर झाला होता. केवायसी झाल्याशिवाय मी कधी कुणाचं खातं उघडलं नाही, आणि सख्ख्या भावाच्या गाठीला मात्र नुसतं पाहून पास केलं.

पाच सेंटीमीटरहून मोठी, भराभर वाढणारी, दुखणारी, कडक किंवा न सरकणारी गाठ असेल तर आधी डॉक्टर. इंजेक्शनचा विचारसुद्धा त्यानंतर. सोनोग्राफीला भ्यायचं कारण नाही, तिथं सुरी नसते.

माझ्या गाठीचं म्हणाल तर दर ३१ मार्च आणि ३० सप्टेंबरला, जुन्या सहामाही क्लोजिंगच्या सवयीनं, सौ. टेपनं मोजते आणि मी वहीत लिहितो. यंदाच्या मार्चला साडेतीन सेंटीमीटर भरली. गेल्या मार्चलाही तेवढीच होती.