ब्र्नोचे फादर मेंडेल : एका शिक्षकाचे स्मरण

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवी सप्ताहात पालक व शिक्षक यांच्या सभेपुढे केलेले भाषण)



महोत्सवाच्या निमित्ताने कोणा थोर शिक्षकाच्या चरित्रावर चार शब्द बोलावे, अशी आपल्या शाळेच्या शिक्षकवर्गाने मजकडे मागणी केली. अशा प्रसंगी संतमालिकेतील एखादे नाव घेणे सोपे असते. मी मात्र ज्यांना संतपद मिळालेले नाही, इतकेच नव्हे तर शिक्षकाचा दाखलाही ज्यांना अखेरपर्यंत मिळाला नाही, अशा एका व्रतस्थ धर्मगुरूंची निवड केली आहे. ते म्हणजे फादर ग्रेगोर मेंडेल. आनुवंशिकतेचे नियम शोधून काढणारे शास्त्रज्ञ म्हणून आपल्या मुलांना त्यांचे नाव पाठ असते. परंतु हे गृहस्थ चौदा वर्षे एका शाळेत मुलांपुढे उभे राहून शिकवीत होते, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही.

आज झेक प्रजासत्ताकात मोडणाऱ्या हिन्चित्से या खेड्यात १८२२ साली एका शेतकऱ्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. वडिलांना आठवड्यातून तीन दिवस जमीनदाराच्या शेतावर वेठ करावी लागे. उरलेल्या वेळात ते फळझाडांवर कलमे बांधीत. ही विद्या गावात वाढविली होती ती तेथील धर्मगुरू फादर श्रायबर यांनी; आणि या मुलाला पुढे शिकवावे, असा आग्रह धरणारेही तेच. (आमच्या वर्गातील एका पाद्र्याचे हे श्रेय सांगताना मला थोडा अभिमान वाटतो, तो आपण क्षम्य मानाल.) मुलगा सोळा वर्षांचा असता वडील वेठीच्या कामावर जबर जखमी झाले, तेव्हा शिकवण्या करून त्याने आपला खर्च भागविला. पुढे धाकटी बहीण तेरेसिया हिने आपल्या लग्नाच्या हुंड्यातील वाटा भावाच्या शिक्षणासाठी सोडून दिला.

१८४३ साली ते ब्र्नो शहरातील ऑगस्टिनियन मठात दाखल झाले व १८४७ साली त्यांना गुरुदीक्षा मिळाली. आणि येथेच पहिले अपयश उभे राहिले. आजाऱ्यांच्या खाटेपाशी जाताच त्यांचे मन इतके व्याकुळ होई की, ते स्वतःच अंथरूण धरीत. मी धर्मग्राम सांभाळणारा मनुष्य; आजाऱ्यास भेट देणे हे आमच्या सेवेचे हृदय होय. ज्याला ते झेपत नाही त्याला आम्ही काय म्हटले असते, याचा विचार मी पुष्कळदा केला आहे. मठाधिपती नाप यांनी बोल लावला नाही. हा मनुष्य या कामाचा नव्हे, असे बिशपांना स्पष्ट कळवून त्यांनी मेंडेल यांस १८४९ साली झ्नोइमो गावच्या शाळेत बदली शिक्षक म्हणून धाडले. वर्गात मात्र हा भित्रा धर्मगुरू फुलला.

तथापि शिक्षकाची नोकरी कायम व्हावयाची तर सरकारी परीक्षा पाहिजे. १८५० साली ते तीस बसले आणि प्राणिशास्त्र व भूगर्भशास्त्र या विषयांत नापास झाले. मठाने त्यांना दोन वर्षे व्हिएन्ना विद्यापीठात शिकावयास पाठविले. १८५६ साली ते पुन्हा बसले. प्रकृती ढासळली आणि परीक्षा अर्धीच राहिली. तरीही ब्र्नोच्या शाळेने त्यांना ठेवून घेतले, आणि १८५४ पासून १८६८ पर्यंत त्यांनी तेथे पदार्थविज्ञान व निसर्गविज्ञान शिकविले.

याच वर्षांत मठाच्या भिंतीलगत, सुमारे ३५ मीटर लांब व ७ मीटर रुंद अशा पट्ट्यात, ते वाटाणा लावीत असत. आपल्यापैकी पुष्कळांना वाडी आहे. तेव्हा हे काम किती चिकाटीचे ते आपणास वेगळे सांगावयास नको. वाटाण्याचे फूल स्वतःच्याच परागाने फळते. म्हणून कळी उमलण्यापूर्वीच ती चिमट्याने उघडून पुंकेसर काढावयाचे, दुसऱ्या झाडाचा पराग आत लावावयाचा, आणि कीटक शिरू नये म्हणून फुलावर पिशवी बांधावयाची. असे आठ हंगाम! सुमारे २८,००० झाडे त्यांच्या हाताखालून गेली.

दुधात पाणी मिसळावे तसे आईबापांचे गुण संततीत मिसळून जातात, अशी त्या काळच्या बहुतेक पंडितांची समजूत होती. मेंडेल यांनी दाणे मोजले. गोल दाण्याच्या व सुरकुतलेल्या दाण्याच्या झाडांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सारेच दाणे गोल. सुरकुतलेला दाणा नाहीसा झाला असेच कोणीही म्हटले असते. परंतु तेच दाणे पेरून पुढच्या पिढीत मिळालेल्या ७,३२४ दाण्यांत ५,४७४ गोल निघाले आणि १,८५० सुरकुतलेले. म्हणजे जवळजवळ तिनास एक. गुण मिसळला नव्हता, लपला होता.

१८६५ सालच्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत त्यांनी हे सर्व ब्र्नोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे वाचून दाखविले, तेही आपण शिकवीत होतो त्याच शाळेच्या इमारतीत. श्रोत्यांनी ऐकून घेतले, आणि गोष्ट तेथेच राहिली. पुढल्या वर्षी निबंध छापला गेला. म्यूनिकचे प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ नेगेली यांच्याशी पत्रव्यवहार चालला असता त्यांनी हायरेसियम नावाच्या पिवळ्या फुलांच्या झाडावर बरीच वर्षे खपून पाहिले, डोळे शिणविले, आणि तेथे वाटाण्याचा नियम दिसेना. ते त्यांनी लपविले नाही. १८६९ साली त्याच मंडळापुढे जाऊन जसेच्या तसे सांगितले. त्या झाडाचे बी बहुतांशी परागावाचूनच धरते, हा उलगडा त्यांच्या मृत्यूनंतर झाला. मला विचाराल तर तिनास एक या प्रमाणापेक्षा या दुसऱ्या निवेदनात त्यांची स्वतंत्र वृत्ती अधिक दिसते.

१८६८ साली ते मठाधिपती झाले आणि शाळा सुटली. १८७४ साली सरकारने मठांच्या मालमत्तेवर नवा कर बसविला. तो अन्याय्य आहे असे म्हणून त्यांनी तो मरेपर्यंत भरला नाही; मठाच्या मिळकतीवर जप्ती आली तरी भरला नाही. या बाबतीत मी त्यांचा संपूर्ण कैवार घेणार नाही. जो निग्रह वाटाण्यापाशी शोभला, तोच येथे हट्टाच्या सीमेवर गेला असे मला वाटते. अर्ज-विनंत्यांत दहा वर्षे गेली आणि संशोधनास सवड उरली नाही. बहिणीचे ऋण मात्र ते विसरले नाहीत. तेरेसियाच्या मुलांच्या शिक्षणाचा भार त्यांनी उचलला, व त्यांतील दोघे डॉक्टर झाले.

१८८४ साली ६ जानेवारीस, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, ते निवर्तले. अंत्यविधीच्या मिस्साचे संगीत पुढे जगप्रसिद्ध झालेले लेओश यानाचेक यांनी चालविले. १९०० साली हॉलंड, जर्मनी व ऑस्ट्रिया येथील तीन संशोधकांना त्यांचा निबंध नव्याने गवसला, आणि जगाला त्यांचे नाव कळले. हूगो इल्टिस यांनी १९२४ साली त्यांचे विस्तृत चरित्र प्रसिद्ध केले. त्यासाठी माहिती गोळा करताना त्यांना मेंडेल यांचे काही जुने विद्यार्थी भेटले. त्यांच्या आठवणीत राहिले होते ते आपले हसतमुख, न्यायी मास्तर.