न बघणाऱ्यांची वर्गणी

(जबलपूर येथील शारदीय व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर माझा विषय 'अमेरिकी विद्यापीठांच्या क्रीडावाहिन्यांचं अर्थकारण' असा छापला आहे. तो वाचूनही इतकी मंडळी आली, म्हणजे आज टीव्हीवर सामना नसणार. (हशा) काहींची मुलं पर्ड्यूला, इलिनॉयला, मिशिगनला शिकली आणि तिकडेच राहिली. ते पालक कर्तव्य म्हणून आले असतील. विषय कुठलाही दिला असता तरी मी एकच गोष्ट सांगितली असती, हे सेक्रेटरींना ठाऊक आहे. ती आधीच सांगून टाकतो. टीव्हीवरचा खेळ बघणाऱ्यांच्या पैशांवर चालत नाही, न बघणाऱ्यांच्या पैशांवर चालतो.

अमेरिकेत या वाहिन्या 'कॉन्फरन्स' चालवतात, म्हणजे विद्यापीठांचे क्रीडागट. आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धांचे पूर्व-पश्चिम विभाग दिल्लीहून ठरतात, तिकडे विद्यापीठं आपापसात जमून गट करतात. त्यातला एक जुना गट बिग टेन. 1896 साली शिकागोत सात विद्यापीठांनी तो स्थापला. आज त्यात अठरा सभासद आहेत आणि नाव अजून बिग टेनच आहे. कार्यकारिणी दहाची आणि फोटोत अठरा, हे आपल्याच मंडळांत होतं असा माझा समज होता. (हशा) कोणाचे सामने किती वेळा दाखवायचे हे पूर्वी एनसीएए ही मध्यवर्ती संस्था ठरवत असे. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया ही विद्यापीठं कोर्टात गेली आणि 1984 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं 7 विरुद्ध 2 मतांनी ती मक्तेदारी मोडली, तेव्हापासून सामने विकणं विद्यापीठांच्या आणि गटांच्या हाती आलं. आपल्याकडे बंगालच्या क्रिकेट संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती सावंत वगैरेंनी 'हवेतल्या लहरी सरकारच्या मालकीच्या नाहीत, जनतेच्या आहेत' असा निर्णय दिला तो 1995 चा. हे सगळं तुम्ही पेपरात वाचलेलं आहे, पुढे जातो.

मुख्य प्रसंग 2007 चा. बिग टेननं फॉक्स या टीव्ही कंपनीच्या भागीदारीत स्वतःची वाहिनी काढली. कॉमकास्ट ही तेव्हा तिकडची सर्वांत मोठी केबल कंपनी. ती म्हणाली, छान, खेळाच्या वाहिन्यांचा आमचा वेगळा संच आहे, त्यात टाकतो. ज्याला हवी तो जादा पैसे भरून घेईल. यात वावगं काय? मला आणि तुम्हाला हे अगदी न्याय्य वाटेल. बिग टेननं साफ नकार दिला. आमच्या राज्यांत वाहिनी मूळ संचातच हवी, सगळ्यांच्या घरी, मागितली असो वा नसो. जवळजवळ वर्षभर भांडण चाललं, आणि 2008 च्या जूनमध्ये कॉमकास्टनं बिग टेनच्या राज्यांपुरतं ते कबूल केलं.

आता हिशेब बघा. केबल कंपनीनं ग्राहकांच्या बिलातून वाहिनीला द्यायचे ते गटाच्या राज्यांत महिन्याला घरटी सुमारे एक डॉलर, बाहेरच्या राज्यांत काही सेंट. समजा एक कोटी घरं आहेत, तर वर्षाला बारा कोटी डॉलर झाले. त्यातल्या किती घरांत सामना लागतो हा प्रश्न या गुणाकारात कुठेच येत नाही! म्हणून 2014 साली मेरीलँड आणि रटगर्स ही विद्यापीठं गटात घेतली गेली. रटगर्सचा फुटबॉल फार नावाजलेला होता असं नाही. पण ते न्यू जर्सीत, म्हणजे न्यूयॉर्कच्या दाराशी आहे. एक विद्यापीठ घेतलं की सगळं महानगर हद्दीत येतं आणि काही सेंटांचा भाव डॉलरवर जातो. संघ हरला तरी घरं हरत नाहीत.

हद्द म्हणजे काय, हे आपल्याला अमेरिकेनं शिकवायला नको. डीटीएचवाल्याच्या नकाशात आपण हिंदी पट्ट्यात. इथला जो हिंदी पॅक माथी येतो त्यात क्रिकेट असतं, आणि झी मराठी मागून घ्यावी लागते. पुण्यात ती न मागता येते. आमच्या शेजारच्या काकू, इथेच नेपियर टाउनात राहतात. 2019 च्या फेब्रुवारीत ट्राय या नियामक संस्थेचे नवे दर लागू झाले, तेव्हा छापील यादी घेऊन माझ्याकडे आल्या. यांनी अर्थशास्त्र शिकवलंय, यांना कळेल, असा त्यांचा भाबडा विश्वास. (हशा) त्यांना हव्या होत्या दोन मराठी वाहिन्या आणि एक भजनांची. आम्ही भिंग घेऊन बसलो. शंभर वाहिन्यांचे 130 रुपये, वर कर. मग एकेक सशुल्क वाहिनी. पॅकात घालायची असेल तर तिची किंमत 19 रुपयांच्या वर नको, असा नियम. मी पेन्सिलीनं खुणा करतोय, काकू पुसायला लावतायत. दोनदा चहा झाला. निवडून निवडून बेरीज केली तर पॅकपेक्षा फारशी कमी येईना, आणि पॅक घेतला की क्रिकेट आलंच. शेवटी काकू म्हणाल्या, "असू द्या हो भाऊजी, नातू आला की बघतो." नातू बंगळुरूला. दिवाळीला चार दिवस येतो आणि मॅच मोबाइलवर बघतो. (मोठा हशा)

हसू नका, काकू या खेळाच्या आश्रयदात्या आहेत. बारा महिने त्या पैसे भरतात आणि एक चेंडू बघत नाहीत. गल्लीतल्या गणपतीचं असंच असतं. आरतीला वीस जण येतात आणि वर्गणी दोनशे घरांतून येते. फक्त आरतीला येतील त्यांच्याकडूनच घ्यायचं ठरवलं, तर मूर्ती वीतभर होईल आणि मांडव मुळीच पडणार नाही.

(पहिल्या रांगेतून : पण हा अन्याय झाला!)

गन कॅरेज फॅक्टरीत हिशेब तपासलेला माणूस बोलतोय, म्हणजे उत्तर द्यायला हवं. अन्याय आहेच. मी त्याची वकिली करतो आहे असं इथून बाहेर पडून कुणी सांगू नये, मागच्या वेळी माझं तसंच झालं. मी इतकंच म्हणतो की तो अन्याय बंद झाला की काय होतं, तेही बघा.

कॅलिफोर्नियाकडचा पॅक-12 गट होता. त्यांनी ठरवलं की भागीदार नको, वाहिनी शंभर टक्के आपली. 2012 साली सात वाहिन्या काढल्या, एक राष्ट्रीय आणि सहा प्रादेशिक. कार्यालय सॅन फ्रान्सिस्कोत, तिथलं भाडं विचारू नका. मालकी पूर्ण होती, फक्त घरं मिळाली नाहीत. डायरेक्टीव्ही या मोठ्या सॅटेलाइट कंपनीनं त्या वाहिन्या कधी घेतल्याच नाहीत. ईएसपीएन किंवा फॉक्स भागीदार असते, तर त्यांनी स्वतःच्या मोठ्या वाहिन्यांना बांधून यांनाही घरात ढकललं असतं. पॅक-12 कडे बांधायला दुसरं काही नव्हतं. त्यात लोकांनी केबल तोडून मोबाइल आणि इंटरनेट धरलं. न बघणारे सुटले. 2022 साली गटातली लॉस एंजेलिसची दोन्ही विद्यापीठं बिग टेनकडे जाण्याचं ठरवून मोकळी झाली, पुढच्या वर्षी बाकीची फुटली, बारांत दोन उरली. 30 जून 2024 ला वाहिन्या बंद झाल्या. लॉस एंजेलिसची पोरं आता गटातल्या सामन्याला न्यू जर्सीपर्यंत जातात. आणि ज्यांच्या घामावर हे सगळं चाललं होतं त्या खेळाडूंना विद्यापीठानं थेट पैसे द्यायला 2025 उजाडलं, तेही कोर्टातल्या तडजोडीनं. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला कमाल मर्यादा सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलर.

(मागून आवाज : हॉकीचं बोला!)

बोलतो. जबलपुरात हॉकीचं नाव न घेता खाली उतरलो तर इथल्या सदर भागातून घरी जाता येणार नाही. अमेरिकेशी आपला हिशेब 1932 सालीच चुकता झाला आहे. लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिकमध्ये भारत 24, अमेरिका 1. त्यातले दहा गोल रूपसिंगचे, आणि रूपसिंग जन्मले जबलपुरात. (टाळ्या) त्यांच्या नावाचं स्टेडियम ग्वाल्हेरला आहे, हे मी पुन्हा बोलणार नाही, दरवर्षी बोलतो. चार वर्षांनी बर्लिनला ते पुन्हा संघात होते. अंतिम सामन्यात जर्मनीवर 8-1. त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या तरुणांनी कबड्डीचं प्रात्यक्षिक केलं. जबलपूर मध्य प्रांतात, अमरावती वऱ्हाडात, आणि मध्य प्रांत व वऱ्हाड तेव्हा एकच; म्हणजे एकाच प्रांतातली माणसं हिटलरच्या गावात दोन खेळ दाखवत होती. आणि गंमत पाहा, टीव्हीवर थेट दिसलेलं पहिलं ऑलिंपिक तेच. बर्लिनमध्ये सार्वजनिक खोल्या उघडल्या होत्या, लोक आत जाऊन पडद्यावर खेळ बघत. खर्च सरकारी, प्रचारही सरकारी. म्हणजे पहिल्या दिवसापासून पैसे भलत्याच खिशातून येत होते. माझा सिद्धांत तेव्हापासून खरा आहे. (हशा)

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. कबड्डीवर अर्धा तास योजला होता, तो आता पळवतो. 2014 साली प्रो कबड्डी सुरू झाली. पुढच्या वर्षी स्टारनं लीग चालवणाऱ्या मशाल स्पोर्ट्सचे 74 टक्के घेतले. दाखवणारा तोच, मालकही तोच. 2021 मध्ये लीगनं पाच हंगामांच्या प्रक्षेपण हक्कांचा लिलाव केला, आकडा 900 कोटींच्या वर गेला आणि हक्क स्टारनंच घेतले. तुम्ही हसाल, पण कबड्डीला हे लाभलं, कारण क्रिकेटच्या पॅकात बसून ती काकूंच्या घरात शिरली. एकटी आली असती तर काकूंनी दार उघडलं नसतं.

धोका आहे तो पुढे. 2023 ते 2027 चे आयपीएलचे हक्क 48,390 कोटींना गेले, सामन्याला 118 कोटी पडतात. मोबाइलवर ज्याला जे हवं तेच तो घेणार. मग पैसा या एका ठिकाणी साचणार आणि बाकीचे खेळ सरकारच्या दारात. 2023 च्या फेब्रुवारीत खेलो इंडिया या सरकारी स्पर्धेतले खो-खोचे सामने आपल्या रानीतालला झाले. तुमच्यापैकी कितीजण गेला होतात? हात वर करा. चार. मला पाच अपेक्षित होते, आमचे सेक्रेटरी गेलेले दिसत नाहीत. (हशा)

माझं विद्यापीठांना सांगणं असं की आंतरविद्यापीठ सामन्यांची स्वतंत्र वाहिनी काढायच्या फंदात पडू नका, पॅक-12 बघा. सामने एकत्र बांधून कुणाच्या तरी मोठ्या पॅकात आत शिरा, आणि हक्क पाच वर्षांहून जास्त कुणाला लिहून देऊ नका. याची कारणं सांगायची होती, पण अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत.

जाता जाता खजिनदारांचा निरोप. या व्याख्यानमालेचे आश्रयदाते जितके आहेत, त्यांच्या निम्मेही आज सभागृहात नाहीत, आणि तरी माइक चालू आहे. पावतीपुस्तक दाराशी ठेवलं आहे. घरी जाताना आपली पावती फाडाच, आणि जो शेजारी व्याख्यानाला कधीही येणार नाही त्याच्या नावाची एक जास्तीची न्या.