जुने घड्याळ, नवी तबकडी

बाजारात बैल घ्यायचा म्हणजे काय काय पाहावे लागते, हे तुम्हांला मी सांगायला नको. जाणता शेतकरी आधी बैलाचे दात पाहतो, खूर पाहतो, खांदा चाचपतो, चालवून बघतो. शिंगे रंगवली आहेत की नाहीत याचे त्याला काही नसते; उलट शिंगांना जरा जास्तच तकाकी दिसली तर तो दुप्पट सावध होतो. पण हाच जाणता माणूस शहरात जुने स्विस घड्याळ घ्यायला गेला, की त्याची नजर नेमकी कुठे जाते? तबकडीच्या रंगावर! आज मला बोलायचे आहे ते या जुन्या, किमती घड्याळांच्या खरेदीविषयी. आणि खरे म्हणजे घड्याळापेक्षा ती विकणाऱ्या माणसाविषयी.

मोबाइलमध्ये वेळ दिसत असताना हे घड्याळ हवेच कशाला, असे कोणी म्हणेल. हिशेबाने त्याचे म्हणणे बरोबरच आहे. पण हौस हिशेबात बसत नाही. आपल्याकडे फेवर ल्यूबा या स्विस घराण्याने १८६५ साली मुंबईत पाय ठेवला. ओमेगा, फेवर ल्यूबा ही नावे एके काळी मामलेदार, डॉक्टर, फार तर हेडमास्तर यांच्या मनगटावर दिसत. सामान्य माणसाच्या हाताला घड्याळ लागले ते १९६१ नंतर, बंगळूरला एच. एम. टी.ने जपानच्या सिटिझन कंपनीच्या साहाय्याने कारखाना काढला तेव्हा. त्यांचे ‘जनता’ घड्याळ कित्येक शिक्षकांनी जन्मभर रोज सकाळी किल्ली देऊन चालवले. तो घड्याळांचा व्यवसाय बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. त्या काळची घड्याळे आता जुन्या बाजारातच मिळायची. आणि जिथे माल नव्याने होत नाही पण गिऱ्हाईक आहे, तिथे कारागीर स्वस्थ बसत नाही.

जगभरच्या घड्याळ जमवणाऱ्यांच्या बोलीत ‘मुंबई स्पेशल’ असा एक शब्द रूढ झाला आहे. मुंबईच्या नावाचा हा गौरव नव्हे, बरं का! जुने, झिजलेले घड्याळ घ्यायचे, तबकडीवरचा मूळ रंग खरवडून काढायचा, निळा, नारिंगी, अर्धा काळा अर्धा पांढरा असा झगझगीत रंग चढवायचा, वर कंपनीचे नाव छापायचे, आत मिळतील ते भाग बसवायचे, आणि ‘जुने पण अगदी कोरे’ म्हणून विकायचे, अशा मालाला हे नाव पडले आहे. यातली कारागिरी सामान्य नाही, हेही मी कबूल करीन. ‘रंग नवा आहे, भाग बदलले आहेत’ असे सांगून कोणी विकले तर त्यात लबाडी काहीच नाही. लबाडी आहे ती न सांगण्यात.

हे न सांगणे बाजाराचे किती नुकसान करते, याचा विचार जॉर्ज ॲकरलॉफ या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका निबंधात मांडला. उदाहरण होते जुन्या मोटारींचे. विकणाऱ्याला वस्तूची खोड ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. घेणारा मग बेताची, मधली किंमत देऊ करतो. चांगल्या मोटारीच्या मालकाला ती परवडत नाही, तो बाजारातून निघून जातो. खराब मालाच्या मालकाला मात्र ती परवडते. असे होत होत बाजारात खराब मालच उरतो. या विषयावरील कार्यासाठी ॲकरलॉफ यांना २००१ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक इतर दोघांबरोबर विभागून मिळाले. यातून वाट कोणती? ज्याला खोटे बोलणे महाग पडेल, असा विकणारा शोधणे. रोलेक्स कंपनीने डिसेंबर २०२२ मध्ये आपलीच जुनी घड्याळे तपासून, २ वर्षांची हमी देऊन, अधिकृत विक्रेत्यांमार्फत विकण्याची योजना काढली. तिथे दाम जास्त पडतो, आणि तो जादा दाम हमीचा असतो. ज्याला घड्याळातले काही कळत नाही त्याने तो द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या परिचयाचे एक निवृत्त गुरुजी आहेत. आयुष्यभर एक ओमेगा घ्यायचे मनात होते. निवृत्तीच्या पैशांतून काही रक्कम बाजूला काढून ते शहरातल्या एका दुकानात गेले. दुकानदार मोठा गोड. “मास्तर, तुमच्याकडून का जास्त घेणार? आमच्यासारख्यांना तुम्हीच तर घडवलंत!” तबकडी आरशासारखी. गुरुजींनी पैसे मोजले आणि घड्याळ हातावर चढवूनच घरी आले. तीन आठवड्यांनी ते बंद पडले. गावच्या घड्याळवाल्याने मागचे झाकण उघडले, भिंग लावले आणि म्हणाला, “गुरुजी, ओमेगा फक्त वरती आहे. आत भलतंच यंत्र आहे.” गुरुजी परत दुकानात गेले, तेव्हा दुकानदाराने एवढेच विचारले, “हे घड्याळ आमच्याकडचं कशावरून?” पावती नव्हती. बोलणे तिथेच संपले.

त्या गावच्या घड्याळवाल्याने जे तीन आठवड्यांनी केले, ते पैसे देण्यापूर्वी दुकानातच करून मागायचे. मागचे झाकण आपल्यासमोर उघडायला सांगावे. भरवशाचा विक्रेता कुरकुर न करता उघडतो. किंबहुना न विचारता सांगतो, की अमुक भाग बदलला आहे, काच नवी आहे, तबकडीवर हा डाग आहे. डाग दाखवणारा माणूस मला नेहमी बरा वाटतो. आतल्या यंत्रावरचे नाव आणि तबकडीवरचे नाव यांचा मेळ बसतो का, ते विचारावे. घड्याळाची नाडी पाहणारे एक छोटे यंत्र असते. त्यावर ठेवले की दिवसाला किती सेकंद पुढे वा मागे जाते ते समजते. जुने घड्याळ थोडे मागेपुढे धावले म्हणून घाबरायचे कारण नाही.

अंधाराची परीक्षा तर कुणालाही करता येते. १९६० च्या आसपासपर्यंत अंधारात चमकणाऱ्या आकड्यांना रेडियम लावीत. रेडियम निम्मे व्हायला सुमारे १,६०० वर्षे लागतात, पण त्याच्या माऱ्याने चमकणारे मिश्रण काही दशकांतच जळून निकामी होते. तेव्हा १९५० चे म्हणून दिलेल्या घड्याळाचे आकडे अंधारात हिरवेगार लखलखू लागले, तर तो लेप नंतरचा समजावा. आणि आकडे खरोखरच जुने, विझलेले असतील तर ते नखाने खरवडू नका, मुलांनाही खरवडू देऊ नका. ती भुकटी पोटात किंवा श्वासात जाणे घातक असते.

आता उलटी बाजू. तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरी ट्रंकेत वडिलांचे, आजोबांचे घड्याळ पडून असेल. ते दुरुस्तीला नेले की हटकून ऐकू येते, “डायल नवी करून देतो, लखलखीत होईल.” नको म्हणा. तेलपाणी करून घ्या, स्प्रिंग तुटली असेल तर बदलून घ्या. तबकडीला हात लावू देऊ नका. पॉल न्यूमन या अमेरिकन नटाचे रोलेक्स घड्याळ २०१७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ७७ लाख डॉलरांच्या वर गेले. ते चांगले वापरलेले होते. त्याच्या पाठीवर ‘गाडी जपून चालव’ अशा अर्थाची अक्षरे त्याच्या पत्नीने कोरून घेतली होती, आणि घड्याळ कुणाचे हे सांगणारी ती अक्षरे कोणी घासून गुळगुळीत केली नव्हती. आपल्या वडिलांच्या ‘जनता’ला तेवढे दाम येणार नाही, हे उघड आहे, पण मूळ तबकडीचे ‘जनता’ आणि रंगवलेले ‘जनता’ यांत जाणकार मोठा फरक करतो. “हे जुने द्या, त्या बदल्यात हे चकचकीत घ्या” असे कोणी सुचवले, तर तो कोणते घ्यायला उत्सुक आहे तेवढे पाहावे.

राहता राहिली पावती. ‘एक घड्याळ, जुने’ एवढे लिहिलेला कागद ही पावती नव्हे. कंपनीचे नाव, यंत्रावरचा आणि केसवरचा क्रमांक, तबकडी मूळची की रंगवलेली, कोणते भाग बदलले, हमी किती महिन्यांची आणि कशाची, हे सारे तीत लिहून घ्यावे. खाली दुकानाचा शिक्का आणि सही. वस्तू वर्णनाप्रमाणेच असली पाहिजे, असे १९३० चा माल विक्रीचा कायदा सांगतो. आणि चोरीचे घड्याळ असेल, तर तुम्ही पैसे मोजले तरी त्याची मालकी सहसा तुमच्याकडे येत नाही. म्हणून ते विकणाऱ्याकडे कुठून आले, हेही विचारायला संकोचू नये. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आणखी एक सोय केली आहे. दुकान मुंबईत असले तरी तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे करता येते. हा कायदा व्यापाऱ्याला लागू आहे, शेजाऱ्याने शेजाऱ्याला विकलेल्या वस्तूला नाही. तक्रारीला जोडायला मात्र तीच, क्रमांक लिहिलेली पावती लागते.