शिक्षेचें माप

आजचा विषय घरांत उच्चारण्यास अवघड आहे. परंतु घरांतील लहानांच्या रक्षणाशीं त्याचा संबंध असल्यामुळें संकोच करून चालावयाचें नाहीं. बालकांच्या लैंगिक शोषणाचीं चित्रें जो बाळगतो, त्यास शिक्षा कोणत्या मापानें द्यावी, हा तो प्रश्न होय.

असा इसम म्हणेल, ‘मीं कोणास हात लावला नाहीं, खासगींत पाहिलें, एवढेंच.’ जानेवारी २०२४ मध्यें मद्रास उच्च न्यायालयानें अशाच एका प्रकरणांतील खटला रद्द केला होता. २३ सप्टेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय फिरविला, आणि अशा सामग्रीस ‘अश्लील’ न म्हणतां शोषणाची व अत्याचाराची सामग्री म्हणावें, असें सुचविलें. हा केवळ शब्दाचा फेर नव्हे. अश्लीलतेचा विचार पाहणाऱ्यापुरता असतो. अत्याचार म्हटला कीं ज्यावर तो झाला तें मूल डोळ्यांसमोर उभें राहतें.

बालकांच्या लैंगिक अपराधांपासून संरक्षणाचा कायदा २०१२ चा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्यांत पहिल्या अपराधासाठीं अशा पायऱ्या आहेत: चित्रांसाठीं मुलाचा वापर करणाऱ्यास किमान ५ वर्षें कैद, व्यापारासाठीं बाळगणाऱ्यास ३ ते ५ वर्षें, प्रसारासाठीं बाळगणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही, आणि पुढें धाडण्याच्या हेतूनें सामग्री नष्ट न करणाऱ्यास वा न कळविणाऱ्यास किमान ५,००० रुपये दंड. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमान्वयें नुसती शोधून उतरवून घेणाऱ्यासहि ५ वर्षांपर्यंत कैद व १० लाखांपर्यंत दंड होऊं शकतो. एकच कृत्य असें दोन तराजूंत तोललें जातें.

अमेरिकेंत संगणक वापरला, चित्रें ६०० वा अधिक भरलीं, कीं शिक्षेची शिफारस चढते. २०१२ सालीं तेथील शिक्षा-आयोगानेंच दाखविलें कीं, हीं कारणें आतां बहुतेक अपराध्यांस लागू पडतात. त्यामुळें अधिक घातक कोण, हें त्यांवरून कळत नाहीं.

तेव्हां माप मोजणीचें नसावें, हानीचें असावें. मूल किती लहान, चित्र करविलें, विकलें कीं पसरविलें, यांवर पायरी ठरावी. आणि आपले दोन्ही कायदे त्या एका मापावर आणावेत. शिवाय मुलास भरपाई देवविण्याचा अधिकार विशेष न्यायालयास आहे. कैदेचीं वर्षें मोजतांना त्याचा विसर पडूं नये. अपराध्याची मुदत एके दिवशीं संपते. चित्र फिरत आहे तोंवर त्या मुलाची संपत नाहीं.